कुठला पोदेर? इंग्रजीतली 'अ', 'ॲन', 'द' मराठीतून शिकताना

सकाळी गल्लीत भोंगा वाजतो आणि आतून आई ओरडते, "पोदेर आला गो, पाव घे!" गोव्यातल्या कुठल्याही घरात हे ऐकून कोणी "कुठला पोदेर?" म्हणून विचारत नाही. रोजचा, आपल्या वाड्यावरचा, सायकलवरून पाव घेऊन येणारा तोच. आता दुसरा प्रसंग बघा. नव्या घरात राहायला आलेली बाई शेजारणीला विचारते, "इथे पोदेर येतो का हो?" तिच्या डोळ्यांसमोर कोणी ठरलेला माणूस नाही. जो येत असेल तो.

मराठीत दोन्हीकडे शब्द एकच, 'पोदेर'. इंग्रजी मात्र पहिल्याला 'द' लावते आणि दुसऱ्याला 'अ'. तुम्ही इंग्रजी नव्याने शिकत असाल तर एवढा फरक मनात ठेवून पुढे चला. बाकीचे बरेचसे नियम यातूनच निघतात.

मी म्हापशात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. कळंगुट-बागाच्या हॉटेलांत नव्याने लागलेली मुलं असतात, मोपा विमानतळावर कामाला जाणारे असतात, बांदा-दोडामार्गाहून येऊन इथे खोली घेऊन राहिलेले असतात. बहुतेकांची चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम. शब्द त्यांना भरपूर येतात, बोलायची भीतीही दोन-तीन महिन्यांत जाते. शेवटपर्यंत राहते ती आर्टिकलांची, म्हणजे या 'अ', 'ॲन', 'द'ची चूक. मला ती मनापासून टोचते, कारण ही चूक हुशारीच्या अभावाने होत नाही. आपल्या भाषेत त्या जागी शब्दच नाही, म्हणून होते. आणि जिथे शब्द नाही तिथे काही राहिलंय, हे कानाला कळत नाही.

इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीतच लिहिते आहे. वर्गात फळ्यावरही आधी तशीच लिहिते. त्याचा एक मोठा फायदा आहे, तो पुढे येईल.

पहिली पायरी: उघडं नाम शोधायचं

"माझे बाबा शेतकरी आहेत." मराठी वाक्य पूर्ण आहे, त्यात 'एक' घातला तर उलट विचित्र वाटेल. म्हणून आपण म्हणतो, "माय फादर इज फार्मर." इंग्रजी कानाला हे वाक्य अर्धवट तुटल्यासारखं लागतं. हवं ते असं: "माय फादर इज अ फार्मर."

नियम एका ओळीचा आहे. मोजता येणारी एकच वस्तू किंवा एकच माणूस असेल, तर ते नाम इंग्रजीत जवळपास कधीच उघडं ठेवायचं नाही. त्याच्या पुढे काहीतरी हवंच: 'अ', 'ॲन', 'द', नाहीतर 'माय', 'युवर', 'धिस', 'दॅट', 'एव्हरी' यांपैकी एक. "आय हॅव बाइक" नाही, "आय हॅव अ बाइक". "माय ब्रदर वर्क्स ऑन शिप" नाही, "ऑन अ शिप". आपल्याकडे घरटी एखादा बोटीवर असतो, त्यामुळे हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये येतं आणि प्रत्येक वेळी उघडंच येतं.

माझ्या अनुभवात नवशिक्यांच्या निम्म्याहून जास्त चुका याच एका जातीच्या असतात. म्हणून पहिले पंधरा दिवस बाकी काही करू नका. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यातली नामं अधोरेखित करा आणि एकटं, मोजता येणारं, उघडं नाम सापडलं की थांबा.

एका नामाला एकच टोपी, हेही इथेच सांगते. 'माय' आला की 'द' नको. "द माय हाउस" होत नाही. आणि नाम नसेल तर आर्टिकलही नाही: "शी इज अ टॉल" चूक, "शी इज टॉल" बरोबर, "शी इज अ टॉल गर्ल" बरोबर.

दुसरी पायरी: मोजता येतं का?

इथे मराठीची सवय फसवते. आपण बिनधास्त म्हणतो, "एक माहिती हवी होती", "एक सल्ला देऊ का?" इंग्रजीत 'इन्फर्मेशन' आणि 'ॲडव्हाइस' ही पाण्यासारखी नामं आहेत, त्यांना 'अ' किंवा 'ॲन' लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. याच टोपलीतली आणखी काही रोजची नामं पाठच करा: लगेज, बॅगेज, फर्निचर, इक्विपमेंट, न्यूज, वर्क, ट्रॅफिक. हॉटेलात काम करणाऱ्यांना 'लगेज' दिवसातून दहादा लागतं. "अ लगेज" म्हणू नका. एकच नग दाखवायचा असेल तर "अ बॅग" म्हणा किंवा "अ पीस ऑफ लगेज". 'वर्क' मोजता येत नाही पण 'जॉब' मोजता येतो, म्हणून "आय नीड वर्क", पण "आय नीड अ जॉब".

आजारांचंही असंच दोन वाटांनी जातं. साधी दुखणी मोजली जातात: "आय हॅव अ फीव्हर", "अ कोल्ड", "अ हेडेक". नाव असलेला रोग उघडाच राहतो: "ही हॅज मलेरिया", "शी हॅज डेंग्यू". रजेचा अर्ज लिहिताना हे उपयोगी पडतं.

तिसरी पायरी: 'अ' की 'ॲन'?

शाळेत सांगतात, "ए, ई, आय, ओ, यू असेल तर ॲन." हा नियम अर्धाच खरा आहे, कारण इंग्रजी अक्षर एक दाखवतं आणि उच्चार भलताच असतो. निर्णय उच्चारावर होतो. आणि इथे देवनागरीवाले भाग्यवान आहेत. शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ए, ऐ, ओ, औ, ॲ किंवा ऑ, तर 'ॲन'. व्यंजन असेल तर 'अ'. संपलं.

'युनिव्हर्सिटी' लिहिताना 'य' आला, म्हणून "अ युनिव्हर्सिटी", इंग्रजीत पहिलं अक्षर 'यू' असलं तरी. 'युनिफॉर्म', 'युरोपियन' तसेच. 'अवर', म्हणजे तास, 'अ'ने सुरू होतो, म्हणून "ॲन अवर", आणि अर्धा तास म्हणजे "हाफ ॲन अवर". 'ऑनेस्ट मॅन'ला 'ॲन', 'हॉटेल'ला 'अ'. 'वन-वे रोड'ला 'अ', कारण 'व'. आद्याक्षरांच्या नावांनाही हीच कसोटी: "ॲन एमएलए", "ॲन एफआयआर", "ॲन एनओसी", पण "अ यूपीआय पेमेंट".

एक सापळा आहे. वर्षाला आपण 'इयर' म्हणतो आणि लिहितो, म्हणून बरेच जण "ॲन इयर" करतात. इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला 'य'चा आवाज आहे, 'यिअर'सारखा. म्हणून "अ यिअर". कान मात्र खरोखर 'इअर', म्हणून "ॲन इअर". असंच काही जण 'एम'ला 'यम' आणि 'एल'ला 'यल' म्हणतात. उच्चार आधी दुरुस्त करा, आर्टिकल मागून आपोआप सुधारेल.

आणि बघायचा तो लगेच पुढचा शब्द, नाम नव्हे. "ॲन अंब्रेला", पण मध्ये 'बिग' आला की "अ बिग अंब्रेला". "अ हाउस", पण "ॲन ओल्ड हाउस". 'द'लाही हीच कसोटी थोडी लागते: व्यंजनापुढे 'द' म्हणतात, स्वरापुढे 'दी'. "द फेरी", पण "दी एअरपोर्ट". लिहिताना दोन्ही एकच.

हा 'ॲन'चा 'न' मोठा चंचल आहे. मुळात 'ॲन' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'एक' हाच शब्द. व्यंजनापुढे त्याचा 'न' गळून 'अ' उरला. कधी हा 'न' शेजारच्या शब्दाचाही बळी घेतो. स्वयंपाकघरात बांधतो तो 'ॲप्रन' पूर्वी 'नॅप्रन' होता. "अ नॅप्रन" भरभर म्हणताना लोकांना "ॲन ॲप्रन" ऐकू आलं आणि तेच रूढ झालं. 'ऑरेंज'ची गोष्ट तर आपल्या दारातून सुरू होते. संस्कृतातलं 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेलं, आणि तिथल्या आर्टिकलाच्या शेजारी पहिला 'न' हरवला असं अभ्यासक मानतात. इंग्रजीत पोचेपर्यंत 'न' गेलेलाच होता. आपल्याकडे 'नारिंग' अजून शाबूत आहे.

चौथी पायरी: 'कुठला?' विचारून बघा

आता मुख्य काम. आर्टिकल बोलणाऱ्याच्या मनावर ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या मनावर ठरतं. तुमचं वाक्य ऐकून समोरचा "कुठला?" विचारेल का? गोव्यात म्हणायचं तर, "खंयचो?" विचारेल का? कुठला ते त्याला माहीत नसेल, किंवा कुठलाही चालणार असेल, तर 'अ' किंवा 'ॲन'. न विचारता त्याला कळलेलं असेल तर 'द'.

हा फरक मराठीत नाही असं समजू नका. आजीच्या गोष्टीत तो रोज होता: "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." राजा पहिल्यांदा येतो तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. इंग्रजीत अगदी तसंच, आधी "अ किंग", मग "द किंग". दुसरी खूण आपल्या 'ला'मध्ये लपलेली आहे. "मी डॉक्टर शोधतोय" म्हणजे कोणीतरी एक, "अ डॉक्टर". "मी डॉक्टरांना शोधतोय" म्हणजे ठरलेले, आता इथे होते ते, "द डॉक्टर". आपण 'ला' आणि 'ना' लावून जे सांगतो तेच इंग्रज आर्टिकल लावून सांगतात. वर्गात हे वाक्य सांगितलं की चेहरे उजळतात. मला शिकवण्यातला सगळ्यात आवडता क्षण तो आहे.

ऐकणाऱ्याला 'कुठला' हे कशाकशातून कळतं? आधी उल्लेख झालेला असतो, राजासारखा. किंवा प्रसंगातून कळतं: घरात "क्लोज द डोअर" म्हटलं की दार कुठलं ते समोर दिसतंच, आणि चोडणच्या धक्क्यावर उभं राहून "द फेरी इज लेट" म्हटलं तर बाजूचा माणूस तीच वाट बघत असतो. किंवा जगात ती गोष्ट एकच असते: द सन, द मून, द स्काय. किंवा तुम्ही स्वतःच पुढे खुलासा करता: "द मॅन हू सोल्ड मी द फिश". 'बेस्ट', 'ओल्डेस्ट', 'फर्स्ट', 'सेम' या शब्दांत तर निवड झालेलीच असते, म्हणून तिथे 'द' येतो.

आपल्या आधीच्या पिढीतल्या पोर्तुगीज शिकलेल्यांना हे बाळकडूतच मिळालं होतं. पोर्तुगीजमध्ये 'द'ची चार रूपं आहेत, लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदलणारी. १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून निघालेलं आणि १९८३ साली इंग्रजी झालेलं 'ओ हेराल्दो' आठवा. त्यातला 'ओ' म्हणजे पोर्तुगीज 'द'च. इंग्रजीत स्त्री, पुरुष, एक, अनेक सगळ्यांना एकच 'द' पुरतो, त्यामुळे त्या मानाने आपली सुटका स्वस्तात झाली आहे.

पाचवी पायरी: काहीच न लावणं

'द' हा इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा शब्द आहे. छापील मजकुरात दर १०० शब्दांत साधारण ५-६ वेळा तो भेटतो. त्यामुळे एकदा त्याची गोडी लागली की माणूस तो सगळीकडे लावत सुटतो: "द गोवा", "द नेचर", "द दिवाळी". हा दुसऱ्या टोकाचा आजार.

बाजारातलं उदाहरण घ्या. "काजू महाग झालेत." जगातले सगळे काजू, सर्वसाधारण विधान. "कॅश्यूज आर एक्स्पेन्सिव्ह", आर्टिकल नाही. पण "काल आणलेले काजू मऊ पडलेत" म्हटलं की कुठले ते ठरलं: "द कॅश्यूज यू बॉट यस्टरडे हॅव गॉन सॉफ्ट". मराठीत दोन्हीकडे नुसतं 'काजू'. अनेकवचन किंवा न मोजता येणारं नाम, आणि बोलणं सगळ्या जातीबद्दल, तर काही लावू नका. 'लाइफ', 'नेचर', 'सोसायटी' हे शब्द सर्वसाधारण अर्थाने उघडेच बरे.

बाजारातच एक 'अ' मात्र राहून जातो. "साठ रुपये किलो" याचं इंग्रजी "सिक्स्टी रुपीज अ किलो". "आठवड्यातून दोनदा" म्हणजे "ट्वाइस अ वीक". मराठीत तिथे काहीच नसतं, म्हणून हा 'अ' मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.

जेवणखाण, खेळ, भाषा, वार, महिने, सण उघडे: "वी हॅड लंच", "ही प्लेज फुटबॉल", "शी टीचेस मराठी", "ऑन फ्रायडे", "ड्यूरिंग गणेश चतुर्थी". वाद्याला मात्र सहसा 'द': "ही प्लेज द घुमट". प्रवासाच्या साधनाला 'बाय' लागला की आर्टिकल जातं: "आय केम बाय फेरी". पण "आय टुक द फेरी".

'स्कूल', 'चर्च', 'प्रिझन' अशा काही जागांचं वेगळंच आहे. ज्या कामासाठी ती जागा असते त्याच कामाला गेलात तर काही नाही, नुसते इमारतीत गेलात तर 'द'. मूल "गोज टू स्कूल". त्याच्या शुल्काची चौकशी करायला आई "गोज टू द स्कूल". देवळाला ही सवलत इंग्रजीत सहसा मिळत नाही. दर्शनाला गेलात तरी "टू द टेंपल"च म्हणा.

गावांची आणि जागांची नावं

गाव, शहर, राज्य उघडं: गोवा, पणजी, फोंडा. बहुतेक देशही. पण नावात 'स्टेट्स', 'किंगडम', 'एमिरेट्स' असेल तर 'द': "द यूके", "द यूएई". भाऊ आखातात असेल तर "इन द गल्फ", पण नेमका देश किंवा शहर सांगितलं तर "इन कुवेत", "इन दुबई".

नदीला 'द': "द मांडवी", "द झुआरी". समुद्राला आणि डोंगररांगेला 'द': "दी अरेबियन सी", "द वेस्टर्न घाट्स". तळ्याला नाही: "मये लेक". किनाऱ्याला नाही: "मिरामार बीच". किल्ल्याला सहसा नाही: "फोर्ट आग्वाद". रस्त्याला आणि विमानतळाच्या नावाला सहसा नाही: "मनोहर इंटरनॅशनल एअरपोर्ट", पण "दी एअरपोर्ट ॲट मोपा". नदीला का आणि तळ्याला का नाही, याचं पटेल असं कारण शोधत बसू नका. इथे पाठांतरच.

एक जागा मात्र नियमाची आहे. नावात 'ऑफ' आला की बहुधा 'द' येतो: "द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई", पण "मुंबई युनिव्हर्सिटी". "द गव्हर्नमेंट ऑफ गोवा". "द बॅसिलिका ऑफ बॉम जीझस".

'फ्यू' आणि 'अ फ्यू'

हे वेगळं सांगायला हवं, कारण इथे एका 'अ'ने अर्थ उलटतो. माझ्या वर्गातला एक मुलगा हॉटेलात बुकिंगच्या चौकशीला उत्तरं द्यायचा. त्याला म्हणायचं होतं, "डिसेंबरसाठी काही खोल्या आहेत." त्याने लिहिलं, "वी हॅव फ्यू रूम्स फॉर डिसेंबर." वाचणाऱ्याने घेतलं, "फारशा खोल्या नाहीतच", आणि त्याने दुसरीकडे सोय केली. "अ फ्यू रूम्स" म्हणजे थोड्या का होईना, आहेत. नुसतं "फ्यू रूम्स" म्हणजे जवळपास नाहीतच. 'लिटल'चंही तसंच: "आय नो अ लिटल इंग्लिश" म्हणजे थोडंफार येतं, "आय नो लिटल इंग्लिश" म्हणजे येत नाही म्हटलं तरी चालेल. मुलाखतीत हा 'अ' विसरू नका.

आता प्रत्यक्ष करून बघू

लिहिताना आर्टिकलांचा विचार करत बसलात तर वाक्यच पुढे सरकणार नाही. आधी मजकूर लिहून टाका. मग फक्त नामांसाठी एकदा वाचा. प्रत्येक नामापाशी क्रमाने विचारा: मोजता येतं का? एकच आहे का? ऐकणारा "कुठला?" विचारेल का? रोज एक परिच्छेद, महिनाभर. शेजारी इंग्रजी वर्तमानपत्रातली छोटी बातमी ठेवा आणि प्रत्येक 'द'पाशी थांबून, वाचकाला 'कुठला' हे कशामुळे कळलं ते शोधा. पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग मी जास्त झालेला पाहिला आहे.

एका विद्यार्थिनीने रिसेप्शनवरून देखभाल विभागाला पाठवलेला संदेश असा होता: "गेस्ट इन द रूम २०४ हॅज कंप्लेंट. एसी इज नॉट वर्किंग. प्लीज सेंड इलेक्ट्रिशियन."

'गेस्ट' एकच आहे, उघडा आहे, आणि कुठला ते 'रूम २०४'ने सांगितलंय, म्हणून "द गेस्ट". खोलीला आकड्याचं नाव मिळालं की 'द' जातो, म्हणून "इन रूम २०४". तक्रार वाचणाऱ्याला अजून माहीत नाही, म्हणून "अ कंप्लेंट". एसी त्या खोलीतलाच, आणि 'एसी' देवनागरीत 'ए'ने सुरू होतो, म्हणून लिहायला 'द' आणि वाचायला "दी एसी".

उरला इलेक्ट्रिशियन. तिने मला विचारलं, "मॅडम, इथे ॲन की द?" मी तिलाच उलट विचारलं, "तुमच्या हॉटेलात इलेक्ट्रिशियन किती?" ती म्हणाली, "एकच, सगळे त्याला ओळखतात." मग "प्लीज सेंड दी इलेक्ट्रिशियन". चार-पाच असते आणि त्यातला जो मोकळा असेल तो चालला असता, तर "ॲन इलेक्ट्रिशियन".